आठ पौंडांची सवत

१

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी शशीला किंवा सासूबाईंना बोल लावायला नको. त्या बाईला घरात मी आणलं. माझ्या हाताने, माझ्या पर्समधून, टिश्यूपेपरात गुंडाळून आणलं. आणि आणलं ते निव्वळ रागाच्या भरात.

राग माझ्या नाकावरच असतो. पण ज्या कामावर माझं पोट आहे तिथे रागाचा काही उपयोग नाही, तिथे हात स्थिर लागतो. १९८९ साली मी मिल्टन कीन्सच्या बाहेर, एका इंडस्ट्रियल इस्टेटवरच्या, म्युझियमच्या गोदामात काम करत होते. जमिनीतून निघालेल्या जुन्या वस्तू तिथे खोक्यांत भरून ठेवायचे. माझ्या वाट्याला रोमन नाणी आली होती. नव्या घरांसाठी चर खणताना एक मडकं फुटलं, त्यातून चांदीची सहाशे नाणी निघाली, आणि ती सगळी माझ्या टेबलावर येऊन पडली.

रोजचं काम ठरलेलं. नाणं उचलायचं, तेही कडेने. काट्यावर ठेवायचं, वजन लिहायचं. प्लॅस्टिसीनमध्ये दोन्ही बाजू दाबायच्या, त्या साच्यांत दातांचे डॉक्टर वापरतात ते प्लास्टर ओतायचं, आणि अर्ध्या तासाने दोन पांढऱ्या चकत्या सोडवून घ्यायच्या. एकीवर चेहरा, दुसरीवर मागची बाजू, म्हणजे एखादी देवी, एखादी वेदी, मोर, असलं काहीतरी. चांदी चमकते, डोळ्यांना फसवते. पांढऱ्या चकतीवर मात्र जे असेल तेच दिसतं, म्हणून हा खटाटोप.

या नाण्यांवरचा माणूस नेहमी एका बाजूने दिसतो. एक डोळा, एक गाल, एक कान. राजा असो की राणी, आपल्याकडे कोणी बघत नाही. सहाशेत एकानेही बघितलं नाही. आणि हाताळून हाताळून नाणं झिजतं ते झिजतंच. गेलेली चांदी परत येत नाही. देवावर नसेल इतका माझा या गोष्टीवर विश्वास होता.

२

मी शशीची दुसरी बायको. पहिली सुमन. ती रक्ताच्या कॅन्सरने गेली तेव्हा त्यांची मुलगी बेला दोन वर्षांची होती. मी आले तेव्हा साडेतीनची, आणि ही हकिगत घडली तेव्हा सात वर्षांची. तिच्या कांजिण्या मी काढल्या. तिला सायकल मी शिकवली, रेडवेवर, म्हणजे इथल्या सायकलींच्या लाल वाटेवर, तिच्यामागे धावून धावून माझे गुडघे गेले. मला स्वतःचं मूल झालं नाही, आणि बेला असताना त्याचं मला काही वाटतही नव्हतं. ती मला ‘मम’ म्हणायची. एवढं एक नाव मी या देशात कमावलं होतं. तरी मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कोणीतरी कोणाच्या तरी कानाला लागायचंच, “ही सावत्र, बरं का.” माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

जूनमध्ये सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. आल्या त्या टाकाचं टुमणं घेऊनच. त्यांच्या घराण्यात म्हणे दुसरी बायको पहिलीचा टाक गळ्यात घालते. चांदीच्या पत्र्यावर गेलेल्या सवतीची मूर्ती ठोकून घ्यायची आणि ती मंगळसूत्राशेजारी मिरवायची. लग्नातच मी साफ नाही म्हटलं होतं. मेलेल्या माणसाशी माझं वैर नाही, पण तिला मी छातीवर का वागवू?

“गळ्यात नको तर नको,” सासूबाई म्हणाल्या. “देव्हाऱ्यात तरी बसू दे तिला. पोरीला कळू दे आपली खरी आई कोण ते.”

खरी आई! माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या हातचा चहा पिता पिता.

पुण्याच्या सोनाराकडून त्या टाक करून घेऊन निघाल्या होत्या. पण तो ज्या बॅगेत होता ती बॅग विमानतळावर पट्ट्यावर आलीच नाही. मला मनातून बरं वाटलं, उगाच का लपवू? पण बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या.

“तू चांदीतच काम करतेस ना? मग आण की एक करून.”

“अहो, मी जुनी नाणी तपासते. मी काय सोनार आहे का?”

“ओळखी तर असतील?”

मी शशीकडे पाहिलं. तो पेपरामागे मूग गिळून बसला होता. शेवटी पेपरामागूनच बोलला, “सुप्रभा, करून टाक ना काहीतरी. तिचं वय बघ.”

करून टाक काहीतरी. बरं तर, टाकलं करून.

माझ्या टेबलाच्या खणात माझं स्वतःचं एक नाणं होतं. केंब्रिजच्या नाण्यांच्या बाजारात, एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या भंगाराच्या ताटलीतून, आठ पौंडांना घेतलेलं. एक रोमन राणी. ती मेल्यावर नवऱ्याने तिला देवी ठरवलं आणि तिच्या चेहऱ्याची नाणी पाडली. माझं नाणं इतकं झिजलेलं होतं की तिला नाक नव्हतं, डोळा नव्हता, नुसता डोक्याचा उंचवटा आणि त्यावर अंबाड्याची गाठ. मागे डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई वेदीपुढे हात पसरून उभी, तीही अंदाजाने ओळखायची. मेलेली बायको, देवी केलेली, चांदीवर उठवलेली. सासूबाईंना हवं होतं ते यापेक्षा वेगळं काय होतं? बाई तेवढी परकी.

“म्युझियममधल्या एका कारागिराने करून दिला,” मी सांगितलं.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी नाणं बोटाने चाचपलं, कपाळाला लावलं. “अंबाडा घातलाय गं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आमची सुमन अंबाडाच घालायची.”

मला तेव्हा आतून हसू फुटत होतं. ते हसू आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

३

आमचा देव्हारा वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या एअरिंग कपाटात होता. खाली गरम पाण्याची टाकी, वर फळीवर घड्या केलेले टॉवेल, आणि मधल्या फळीवर देव. इथल्या बऱ्याच घरांत असंच असतं, कारण तीच एक जागा बारा महिने उबदार असते. कपाटाला फटीफटींचं दार. शेजारी बेलाची खोली.

पितृपंधरवड्यात, अविधवा नवमीला, सासूबाईंनी सुमनचं नाव घेऊन ते नाणं बसवलं. हळदकुंकू वाहिलं, खिरीचा नैवेद्य दाखवला. मग बेलाला पुढे घेतलं. “ही तुझी आई. रोज हिला अंघोळ घालायची, पुसायचं आणि नमस्कार करायचा.”

बेलाने माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. पोरीशी खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं, मला फक्त म्हातारीला फसवायचं होतं. पण बोलले असते तर माझं पितळ उघडं पडलं असतं, म्हणून मी मान हलवली.

बेलाला ते काम फार आवडलं. सकाळी शाळेच्या आधी ती कपाटापुढे पाटावर बसायची, वाटीत पाणी घ्यायची, आणि मऊ फडक्याने नाणं पुसत राहायची. मी खाली टोस्ट भाजत असायचे. टाकी भरल्याची घरघर यायची आणि तिच्यामध्ये फडक्याचा तो बारीक आवाज, खसखस, खसखस. दहा दिवस झाले असतील. ती वरूनच ओरडली.

“मम! तिचा नाक आला!”

“नाक आलं म्हणायचं,” मी खालून तिची चूक सुधारली, आणि लोणी लावत राहिले.

४

संध्याकाळी मी कपडे ठेवायला कपाट उघडलं आणि सहज नाणं उचललं. नाक होतं.

मी काही लगेच किंचाळले नाही. मळ साचतो, काळपटपणा येतो, पुसल्यावर निघून जातो, आणि खालची रेघ दिसते. हे मी रोज बघते. पण ते नाणं मीच घेतलं होतं, भिंगाखाली तपासलं होतं. त्यावर मळ नव्हता, ते नुसतं झिजलेलं होतं. तरी मनाला म्हटलं, बाई गं, तेव्हा तुझं लक्ष नसेल.

दुसऱ्या दिवशी ते कामावर नेलं. खणात त्याच्या जुन्या चकत्या होत्याच, सरावासाठी पाडलेल्या. नव्या पाडल्या आणि शेजारी ठेवल्या. जुनीवर बटाट्यासारखा उंचवटा. नवीवर सरळ नाक, बारीक ओठ, आणि पापणीची कडसुद्धा. वजन आधी लिहिलेलं होतं, दोन पूर्णांक एकेचाळीस ग्रॅम. आता दोन पूर्णांक त्रेसष्ट भरलं. काट्यावर प्रमाण वजन ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता.

माझा साहेब डेरेक चहाचा मग घेऊन मागून डोकावला. मला ‘सू’ म्हणायचा. ‘सुप्रभा’ म्हणायला म्हणे फार लांब पडतं, आणि मी लिहिलेल्या यादीवर माझं नाव घालायलाही त्याला तेवढंच लांब पडायचं.

“हे काय आहे, सू?”

“एकाच नाण्याच्या चकत्या आहेत.”

त्याने दोन्ही उचलून पाहिल्या. “डिफरंट कॉइन, लव्ह,” तो म्हणाला, आणि बिस्किट बुडवत निघून गेला.

एरवी ‘लव्ह’ म्हटल्यावर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी नुसती बसून राहिले. कोणीतरी घरात नाणं बदलत असेल का? कोण? शशीला दाढीचं ब्लेड बदलायचा कंटाळा.

५

नोव्हेंबरात सासूबाई परत गेल्या. मी सुटकेचा श्वास टाकला आणि ठरवलं, आता तो टाक काढायचा. पण बेला कपाटापुढून हलेना. आधी ती पाच मिनिटं बसायची, आता वीस बसायची. शाळेला उशीर व्हायचा आणि मी जिन्याखालून ओरडायचे.

मग शाळेचा फोटो आला. सगळ्या वर्गाचा नव्हे, एकेकट्या मुलाचा काढतात तो. निळ्या पडद्यापुढे स्वेटर घातलेली बेला, आणि तिचं तोंड एका बाजूला. उजवा गाल, उजवा कान, एक डोळा. सोबत तिच्या बाईंची, मिसेस हॉलमची, चिठ्ठी होती. फोटोग्राफरने तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा असंच आलं. हल्ली बेला बोलताना त्यांच्याकडे बघत नाही. घरी काही ताण आहे का?

मी फोटो शशीपुढे आपटला.

“लाजली असेल,” तो म्हणाला.

“तीनदा?”

“अगं, लहान आहे ती. तू पण ना, राईचा पर्वत करतेस.”

“तिच्या डाव्या गालावर तीळ आहे, शशी. तू तो शेवटचा कधी पाहिलास?”

तो हसला. मग हसायचा थांबला. मग उठून टीव्ही लावला. या माणसाचं सगळं आयुष्य असं टीव्ही लावण्यात गेलं.

मीही आठवत बसले. गाडीत ती माझ्या डावीकडे बसते, म्हणजे मला तिचा उजवाच गाल दिसणार. जेवताना तिची खुर्ची भिंतीला लागून, तिथूनही उजवाच. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. मी एकेक कारण मांडत गेले आणि ती सगळी बरोबर निघाली, त्याचीच मला जास्त भीती वाटली. पोरीचा अख्खा चेहरा मी किती आठवड्यांत पाहिला नव्हता, ते मला आठवेना.

त्या संध्याकाळी मी तिला समोर उभं केलं. “बेला, बघ माझ्याकडे.”

“बघते ना, मम.”

मी डावीकडे सरकले. ती तितकीच फिरली. मी पुन्हा सरकले, ती पुन्हा फिरली. खेळासारखं, अगदी हळू. मला एकच डोळा दिसत होता आणि तो भिंतीकडे बघत होता.

“चेष्टा चाललीय का माझी?” मी खेकसले.

६

जानेवारीत एका सकाळी, ती शाळेत गेल्यावर, मी नाणं उचललं, रुमालात बांधलं आणि कामावर नेलं. नाणं पुन्हा बदललंय हे रुमाल सोडायच्या आधीच मला कळलं होतं, तरी मी चकत्या पाडल्या. प्लास्टर वाळेपर्यंतचा अर्धा तास खुर्चीत बसवेना. डेरेक सुट्टीवर होता. गोदामात फक्त हीटरची टकटक चालू होती.

पहिली चकती सोडवली. ती माझ्याकडे बघत होती.

बाजूने नव्हे, समोरून. दोन डोळे, मधे नाक, दोन्ही गाल. रोमन नाण्यावरचं माणूस आपल्याकडे असं बघत नाही. मी साचा तपासला. साच्यात उजव्याचं डावं होतं, पण बाजूचं समोर होत नाही. आणि ती चिडलेली नव्हती, भयंकर नव्हती. तिच्या चेहऱ्यावर ओळख होती. दार उघडल्यावर आपलं माणूस दिसलं की होतो तसा तो चेहरा होता.

“अगं ए,” मी त्या प्लास्टरला मोठ्याने म्हणाले. “तू कोण गं? तिकडची कोणी राणी असशील. इथे आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायला तुला लाज नाही वाटत? पोर माझी आहे.”

सासूबाईंनी मला ऐकवलेलंच मी तिला ऐकवत होते. मग मी नाणं पोलादी कपाटात टाकलं, कुलूप लावलं, आणि वाटलं, संपलं.

सव्वाअकराला शाळेतून फोन आला. बेला कोट टांगायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी होती, नऊपासून. रडत नव्हती. बोलत नव्हती. दोन बाईंनी तिला खांद्याला धरून वळवायचा प्रयत्न केला, ती वळेना. मिसेस हॉलम म्हणाल्या, “मला कळत नाही कसं सांगू, पण आम्हाला तिचा चेहराच दिसत नाहीये.”

मी गाडी कशी चालवली देव जाणे. पण शाळेत जायच्या आधी मी कपाटाचं कुलूप काढलं होतं, नाणं घेतलं होतं, आणि वाटेत घरी थांबून ते फळीवर ठेवलं होतं. दात ओठ खात ठेवलं. शाळेत पोहोचले तेव्हा बेला बाकावर बसून सफरचंद खात होती, उजवा गाल माझ्याकडे करून.

“सॉरी, मम,” ती म्हणाली. “तू तिला नेला, म्हणून.”

मी तिला सांगितलं नव्हतं.

७

मी पुण्याला फोन लावला. दगडाखाली हात सापडला की माणूस कोणाचेही पाय धरतो. सासूबाईंना सगळं सांगितलं. टाक नाहीच तो, मी तुमच्यावरच्या रागाने दिला, कोणा परक्या बाईचं नाणं आहे, आठ पौंडांना घेतलेलं. वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात अशी माझी इच्छा होती.

फोनमध्ये खरखर ऐकू येत होती.

“म्हणजे मी नाव सुमनचं घेतलं,” त्या शेवटी म्हणाल्या, “आणि समोर दुसरीच होती?”

“हो.”

“मग दोन महिने मी नैवेद्य कोणाला दाखवत होते, सुप्रभा?”

“काय करू ते सांगा,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं विचारलं. पलीकडे त्या रडत होत्या. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी शशीलाही सांगितलं. तो पांढराफटक पडला. मग म्हणाला, डॉक्टरला दाखवू. बेलाला की मला, ते त्याने सांगितलं नाही.

८

शनिवारी दुपारी शशी बाजारात गेला होता. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, जानेवारीत पडतं तसं, ऊब नसलेलं. बेला कपाटापुढे पाटावर बसली होती. खसखस, खसखस. मी जिना चढून गेले आणि तिच्यामागे गुडघ्यांवर बसले.

“बेला, ऐक. ती तुझी आई नाही. मी खोटं बोलले होते. आजीला फसवायला बोलले. सुमन वेगळी होती. ही कोणीच नाही आपली.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. फडकं थांबलं नाही. “ती आईचा फोटोसारखा नाही दिसत.”

“मग तू का...”

“तू सारखा ओरडते, मम. आजीला ओरडते, बाबाला ओरडते, गाडीत पण ओरडते. ती नाही ओरडत. ती बघते फक्त.”

मला वाटलं होतं की मी तिच्यासाठी ओरडते. तिच्यासाठीच सगळ्या जगाशी भांडते.

तिने नाणं फळीवर ठेवलं, तेव्हा मी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला, आणि वळवला.

उजवा हात उबदार गालावर होता. डावा हात गालावर नव्हता. तिथे काहीतरी गार आणि सपाट होतं, आणि बोटांखाली, नाण्याच्या कडेला असतात तसे, बारीक बारीक कण लागत होते. मी हात काढला नाही. आईने हात काढायचा नसतो. मी वळवत राहिले आणि ती वळत राहिली, आणि तिच्या डोक्यावरून मला कपाटाची फळी दिसली, देव दिसले, आणि देवांपुढे ओलं नाणं.

ऊन बरोबर त्यावर पडलं होतं. ती बाई समोर बघत होती. आणि तिच्या खांद्याशी, तिच्या गळ्याला टेकलेला, एक लहानसा चेहरा होता, बाजूने दिसणारा. डावा गाल. गालावर तीळ. तो डोळा उघडा होता, आणि तो माझ्याकडे बघत होता.

खाली टाकीत पाणी भरायला लागलं. मी डोळे मिटले. किती वेळ, ते मला माहीत नाही.

“बेला,” मी म्हणाले, आणि आवाज चढवायचा नाही हे मला आठवत होतं. “राणी, तुझा हा गाल कुठे आहे गं?”

ती जराशी माझ्याकडे रेलली. तिच्या केसांना साबणाचा वास येत होता.

“माझा दुसरा बाजू तिच्याकडे आहे,” ती म्हणाली. “पण हा तुझा आहे, मम. हा तुला ठेवलाय.”

९

आता मार्च चालू आहे. डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, डोळे तपासले, मुलांच्या मनाचं बघणाऱ्या एका बाईंकडे चित्रं काढायला पाठवलं. सगळे म्हणतात, तब्येत उत्तम आहे. त्यांनी तिला बाजूनेच तपासलं, हे त्यांच्यापैकी एकाच्याही लक्षात आलेलं नाही. शशीच्या आलंय. तो मात्र हल्ली टीव्ही लावत नाही. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहतो.

मी ओरडत नाही. एकदाही नाही. गाडीत कोणी आडवं आलं तरी नाही. राग गेला असं समजू नका, तो छातीत निखाऱ्यासारखा आहे, पण त्याचा आवाज मी बाहेर येऊ देत नाही. मला भीती वाटते की एकदा जरी ओरडले, तर उरलेली बाजूही ती उचलून देईल.

सकाळी शाळेच्या आधी बेला माझ्यापुढे स्टुलावर बसते आणि मी तिच्या वेण्या घालते. म्हणजे एकच, उजवी. डावी तोवर घातलेली असते, रिबिनीसकट. मी त्या वेणीकडे बघायचं नाही असं रोज ठरवते आणि रोज बघते. कपाटातली मेली माझ्यापेक्षा सुबक घालते.